पेवाचं तोंड

सप्टेंबर 1876. तुम्ही राहात्याच्या वेशीबाहेर उभे आहात. रस्ता आहे, पण गाडीच्या चाकोऱ्यांचा. दक्षिणेला नगर, उत्तरेला कोपरगावावरून मनमाड. शिरडी म्हणजे वाटेवरचं एक छोटं खेडं. कालवा नाही, साखर कारखाना नाही, पेरूच्या बागा नाहीत. आहे ती गंगथडीची काळी जमीन, आणि या दिवसांत तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुतायला हवा. रुतत नाही. भेगेत अडकतो.

बांधावरून आत शिरा. बाजरी कमरेइतकी वाढली, निसवली, आणि दाणा भरायच्या वेळी पाऊस निघून गेला. एक कणीस तोडून दोन्ही तळहातांत चोळा, फुंकर मारा. हातात काही राहत नाही. शेजारी उभा असलेला म्हातारा तुमच्या हाताकडे बघतोय, त्याला विचारायची गरज नाही. तो आपणहून म्हणतो, "उत्तरा कोरड्या गेल्या. आता हत्ती पडला तर शाळू पेरायचा. न्हाईतर कशाचं काय." हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. म्हाताऱ्याने सरकारी पर्जन्यमापक कधी पाहिलेलं नाही. पण पुढच्या पंधरा दिवसांत काय ठरणार आहे, हे त्याला नेमकं ठाऊक आहे.

गावात या. सोनाराच्या ओट्यावर एक बाई बसलीय, पदर पुढे ओढून. तिने कनवटीची गाठ सोडून एक चांदीचा करदोटा पुढे ठेवलाय. लहान पोराच्या कमरेचा. सोनार तो काट्यात टाकतो, दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवतो, एक काढतो, दुसरं ठेवतो. करदोट्याच्या कड्या एका जागी झिजून पातळ झाल्यात. त्या झिजेचेही तो पैसे कापतो. हा आजचा तिसरा करदोटा. सुगी तोंडावर आली असताना लोक दागिने करायला येतात, मोडायला नाही, हे सोनाराला कळतं. म्हणूनच त्याने कालपासून भाव उतरवलाय.

तिथून सावकाराच्या वाड्यात. गेल्या वर्षीच, मे 1875 मध्ये, पुण्याकडच्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं चव्हाट्यावर जाळली, आणि तो वणवा नगर जिल्ह्यातल्या गावांतही पोचला. तेव्हापासून सावकार हात आखडून आहे. आज एक कुणबी बैलजोडीवर खत लिहून द्यायला तयार आहे, आणि सावकार नको म्हणतोय. त्याच्या परसात पेव आहे: जमिनीत खोदलेलं, पोटात रुंद, गळ्याशी अरुंद, आतून कडब्याने मढवलेलं. तोंडावर दगड आणि त्यावर शेण-मातीचा गिलावा. एरवी या दिवसांत पेव उघडलेलं दिसतं. उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेल्या विषारी हवेने माणूस आतल्या आत मरतो. दिवसभर तोंड मोकळं ठेवतात आणि आंबूस, उबट वास सगळ्या गल्लीत भरून राहतो. आज वास नाही. गिलाव्याला नवा हात फिरवलाय, बोटांचे ओले फराटे अजून दिसतात. भाव चढणार म्हणून ते तोंड बंद आहे.

गावाच्या दुसऱ्या अंगाला धनगरांची मेंढरं चाललीत. महिना-दीड महिना लवकर. कुत्री, घोडी, घोड्यावर बांधलेलं कोकरू, सगळा वाडा हललाय.

अर्ध्या दिवसात तुम्ही चार जागा पाहिल्यात: शिवार, सोनाराचा काटा, पेव, मेंढरांची वाट. दुष्काळ अजून कुठल्याही सरकारी कागदावर नाही. गावात तो येऊन बसलाय.

हस्त कोरडा जातो. शाळू पेरला जात नाही. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशींची, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, दख्खनच्या तालुक्यातालुक्यातून माहिती मागवते आणि सरकारला पत्रांमागून पत्रं धाडते: कुठे पीक गेलं, कुठे गुरं विकली, कुठे लोक गाव सोडून चालले. माझ्या मते आपल्याकडचा हा पहिला पद्धतशीर इशारा, आणि तो सरकारने नव्हे, लोकांनी उभा केला. सरकार काय करत होतं? 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरला, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटनचा दूत सर रिचर्ड टेंपल दुष्काळी मुलखात फिरला आणि कामावरच्या मजुराची मजुरी एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणावी असं त्याने ठरवलं.

ते रत्तलभर धान्य पाहायचं असेल तर पुणतांब्याच्या बाजूला चला. दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव टाकणं चाललंय. बाया डोक्यावरून माती वाहतायत, आणि टोपली रिकामी करताना एकीचे गुडघे वाकतात ते पुन्हा सरळ होत नाहीत. ती तिथेच बसते. मुकादम ओरडत नाही. त्यानेही आज हे खूपदा पाहिलंय. 1878 मध्ये या रुळांवरून गाडी धावेल. आज तुम्ही नगरहून मनमाडकडे रेल्वेने जाता तेव्हा खिडकीतून दिसणारा तो भराव कुणाच्या पाठीवरून उभा राहिलाय, हे मला दर वेळी आठवतं, आणि तुम्हालाही आठवावं असं मनापासून वाटतं.

त्या दोन वर्षांत देशभर मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर गेला.

आता 1896 मध्ये उतरा. गाव तेच, पुन्हा पाऊस पाठ फिरवून गेलेला. पण या वेळी पारावर एक छापील कागद आहे आणि गुरुजी तो मोठ्याने वाचतायत. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. रिचर्ड स्ट्रेचीच्या दुष्काळ आयोगाने 1880 मध्ये अहवाल दिला, 1883 मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला आणि मग प्रांतोप्रांतीच्या संहिता झाल्या. त्या संहितांमधून आणि त्यांच्यावरच्या पुढच्या अहवालांमधून दुष्काळाच्या खुणा नोंदल्या गेल्या. ऐकत जा: धान्याचा भाव चढणं आणि व्यापारात एकाएकी लगबग, उधारी आटणं, दानधर्म आटून भिकारी वाटेला लागणं, चोऱ्या वाढणं, चाऱ्यासाठी गुरंमेंढरं अवेळी हलणं, माणसं गाव सोडून भटकणं.

ओळखलंत? सोनाराचा ओटा तेवढा नाही, बाकी बरंचसं तुम्ही वीस वर्षांपूर्वी याच गावात फिरून पाहिलेलं आहे. सावकाराचा नकार आहे, धनगरांचा वाडा आहे, पेवाचं तोंडही आहे. जगात दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी पहिली लिखित व्यवस्था म्हणून आज अभ्यासक या संहितांकडे बोट दाखवतात. तिच्यातलं शहाणपण मुळात पारावरचंच होतं.

पण खुणांच्या यादीत मला तिचं मोठेपण दिसत नाही. खुणा गावाला पाठच होत्या. मोठेपण पुढच्या कलमांत आहे: खूण दिसली की कोणी काय करायचं. कलेक्टरने वरून हुकूम येण्याची वाट बघत बसायचं नाही. तयारीच्या कामांची यादी आधीपासून कपाटात हवी. आणि शंका असेल तर चाचणीची कामं काढायची: खडी फोडायचं अवघड काम, कमी मजुरी. एवढ्या मजुरीवरही लोक लोटले, तर समजायचं की घरात दाणा नाही. या परीक्षेत क्रूरपणा आहे, तो मी लपवणार नाही. उपाशी माणसाने आपली भूक दगड फोडून सिद्ध करायची. तरीही त्यात एक नवी कबुली होती. माणसाचं कामाला येणं हीच बातमी, आणि ती बातमी कळल्यावर हलणं हे अमक्या अंमलदाराचं काम.

टिळकांनी नेमकं हेच हेरलं. संहितेत तुमचे हक्क लिहिलेत, ते मागा, असं केसरीतून त्यांनी सांगायला सुरुवात केली. सार्वजनिक सभेची माणसं संहितेचा सोपा मराठी तर्जुमा घेऊन गावोगाव सभा घेऊ लागली. पीक बुडालं असेल तर साऱ्यात सूट मागता येते, काम मागता येतं. पारावरचा तो कागद या खटाटोपातला. गुरुजी वाचताना अडखळतात, मागून एकजण म्हणतो, "परत वाचा, गुरुजी, त्ये सुटीचं." गुरुजी परत वाचतात. माणसं पुटपुटत पाठ करतायत. इशाऱ्याची व्यवस्था साहेबाच्या कपाटातून निघून कुणब्याच्या तोंडात येते, तो क्षण तुम्ही बघताय. सरकारला तो रुचला नाही. 1897 मध्ये सभेची मान्यता काढून घेतली गेली.

याच काळात मुंबईहून दुसरं संकट निघालं होतं. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे रोगी सापडले आणि पुढची काही वर्षं दख्खनच्या गावांनी ती साथ पुन्हा पुन्हा सोसली. म्हणून आणखी थोडं पुढे, प्लेगच्या त्या वर्षांतल्या एका पहाटे, एका वाड्यात डोळे उघडा. चुलीजवळ एक उंदीर पडलाय. मांजराने मारलेला नाही. अंगावर ओरखडा नाही, तोंड किंचित उघडं. घरातली सासू चिमटा घेत नाही, झाडू घेत नाही. हाताच्या अंतरावर उभी राहून सुनेला एवढंच म्हणते, "पोरं उठीव." तासाभरात जातं, उखळ, देव्हाऱ्यातला टाक आणि शेळी घेऊन घर बाहेर पडतं. दुपारपर्यंत गल्ली, आणि दोन दिवसांत अर्धं गाव रानात, कडब्याच्या आणि तुराट्यांच्या खोपटांत.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेचा आणि प्लेगचा संबंध 1898 मध्ये मांडला, आणि तो शास्त्रज्ञांना पटायला आणखी कित्येक वर्षं गेली. उंदीर पडला की घर सोडायचं हे आपल्या बायाबापड्यांनी त्यांची वाट न बघता ठरवलं होतं. रात्री खोपटात निजून तुम्ही लांबून गावाकडे बघता. एकही दिवा नाही. मला या अंधाराइतकी चोख व्यवस्था दुसरी माहीत नाही: खूण घरात, निर्णय घरात, पाऊल लगेच. मध्ये कोणी नाही.

मध्ये कोणी आला की काय होतं, ते बघायला क्षणभर राहाता सोडून बंगालात जावं लागतं. 1943. तिथेही संहिता होती, खुणा सगळ्या होत्या, कलकत्त्याच्या फुटपाथवर होत्या. पण संहितेखाली दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर ठरलेला शिधा द्यावा लागला असता, आणि तो द्यायला धान्य नाही, असं गव्हर्नर रदरफोर्डचं कारण होतं. सुमारे तीस लाख माणसं गेली. कळ होती, दाबणाऱ्याने हात मागे घेतला. 2011 मध्ये सोमालियात पुन्हा तेच: कित्येक महिने आधी इशारे, जुलैत घोषणा, आणि मेलेल्यांपैकी निम्मे घोषणेच्या आधीच गेलेले.

परत या. 1973 चा मे महिना. राहात्याला आता गोदावरीचा उजवा कालवा आहे. दुष्काळांनी पोळल्यावर इंग्रजांनी दारणेवर धरण बांधलं आणि 1916 च्या सुमारास नांदूर मधमेश्वराहून पाणी इकडे फिरलं. प्रवरेवर भंडारदरा आहे, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी कारखाना आहे. कालव्याच्या अलीकडे ऊस उभा आहे. पण पश्चिमेकडच्या जिरायत गावांत जा, तिथे 1876 संपलेलंच नाही.

फरक एक आहे. टेकाडाखाली पाझर तलावाचं काम चाललंय. दगड फुटतायत. हजेरीपट घेऊन मुकादम फिरतोय, दुपारी सुकडी वाटली जाते, पिवळसर, कोरडी, घशात अडकणारी. पोरं ती पाण्यात कालवून खातात. घरी अमेरिकेहून आलेला लाल मिलो आहे, ज्याच्या भाकरीला पदर सुटत नाही, आणि बाया थापताना पुटपुटतात. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. संख्या वाचायला सोपी आहे. तुम्ही त्यातल्या एका बाईच्या शेजारी बसा. हातोडी तिच्या उजव्या हातात, डाव्या हाताच्या बोटांवर जुन्या चिंध्या गुंडाळलेल्या, दगडाची कपची उडाली की ती डोळे मिटते, मग उघडते, मग पुन्हा मारते. तिचं तान्हं साडीच्या झोळीत बाभळीला टांगलंय. ते रडतंय. रडण्याइतकं बळ त्याच्यात आहे, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वाक्य वाटतं.

वि. स. पागे त्या काळात विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी आधी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. बहात्तरच्या दुष्काळाने तिला राज्यभर नेलं आणि रोजगार हमीचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. जुन्या चाचणीच्या कामाला पाग्यांनी उलटं केलं असं मी म्हणेन. माणसाने भूक सिद्ध करायची नाही. काम मागितलं की पंधरा दिवसांत सरकारने द्यायचं. मागणी हीच घंटा, आणि घंटेची दोरी मजुराच्या हातात.

त्याच जिरायत गावांसाठी निळवंड्याचं धरण 1970 मध्ये मंजूर झालं होतं. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं 31 मे 2023 ला. झोळीतलं ते तान्हं तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेलं.

वाटेत 2017 च्या एप्रिलमध्ये पुणतांब्याला थांबा. चांगदेवांच्या समाधीचं गाव, तालुका राहाता. ग्रामसभा भरलीय आणि शेतकरी ठराव करतायत: भाव मिळत नाही, कर्ज फिटत नाही, आपण संपावर जायचं, 1 जूनपासून दूध-भाजी शहराला जाणार नाही. कामगार संप करतो, शेतकरी संप करतो हे फारसं कुणी ऐकलं नव्हतं. मला त्या ठरावातली तारीख महत्त्वाची वाटते. जवळपास दोन महिने आधी त्यांनी सांगितलं होतं. मोर्चा नाही, दगड नाही. तारीख घातलेली पूर्वसूचना. 1 जूनला दूध रस्त्यावर ओतलेलं सगळ्या देशाने पाहिलं, आणि कर्जमाफी जून संपता संपता जाहीर झाली. ग्रामसभेचा ठराव वाचूनही ती जाहीर करता आली असती.

आणि आता आजचा दिवस. सप्टेंबरअखेर, पश्चिमेकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तुम्ही सतरंजीवर बसलाय. पैसेवारीची समिती आहे: तलाठी, कृषी सहायक, सरपंच, चार शेतकरी, त्यात एक बाई. नजर पैसेवारी 30 सप्टेंबरला, सुधारित 31 ऑक्टोबरला, अंतिम 15 डिसेंबरला. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलती. आण्यांतून पैशांत आली तरी पद्धत जुनीच: दोरीने चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. मी तिला इशारा म्हणायला तयार नाही. काट्यावर पीक चढतं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि डिसेंबरात बैल परत घेता येत नाहीत.

तलाठ्याच्या मोबाइलमध्ये मात्र बरंच काही आलंय. महसूल मंडळात महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र, उपग्रहावरून मोजलेली पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा. 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत याच्या कळा ठरवल्यात: पाऊस तुटीचा किंवा मोठा खंड पडला की पहिली कळ, मग पेरणी, हिरवाई, ओलावा, पाणीसाठा यांची दुसरी, मग शिवारात जाऊन खात्री. 2018 मध्ये याच रीतीने 31 ऑक्टोबरला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. डिसेंबरची वाट पाहावी लागली नाही, ही खरी सुधारणा आहे आणि ती मनापासून मान्य करायला हवी. उणीव एवढीच की केंद्र मंडळाच्या गावी आणि पाऊस कुठल्या शिवारावर पडेल ते ढगाच्या मनात.

कृषी सहायक आकडे वाचतोय. सोयाबीन, बाजरी, मका. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून एक पिकअप जाते. मागे तीन गाई, दाव्याने आखडून बांधलेल्या, एकीची कास भरलेली. तोंडाला मुसकी नाही, म्हणून ती हंबरते. पाच मिनिटांनी दुसरी पिकअप. ओट्यावरचं कुणी मान वर करत नाही. ती बाई करते. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते आणि मग तलाठ्याच्या वहीवर बोट ठेवते.

"भाऊसाहेब, दुभती गाय सप्टेंबरात कोन इकतं? दूध चालू असताना? आठ दिवसांत आमच्या वस्तीवरून अकरा गेल्या. मी मोजल्यात. हे कुठल्या रकान्यात लिव्हायचं?"

तलाठी वही उलटीपालटी करतो. रकाना नाही. तो पेनाचं टोपण काढतो आणि पानाच्या समासात, छापील रेघेच्या बाहेर, तारीख टाकून लिहू लागतो. अक्षर वाचता यावं म्हणून तुम्ही पुढे वाकता.